लठ्ठ, तरीही कुपोषित : एका लेपर्ड गेकोच्या आहाराचे प्रकरण

इंग्लंडमधील रेडिंग शहरात राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाने आपली तीन वर्षांची लेपर्ड गेको (पाळली जाणारी एक प्रकारची पाल) मादी सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्यांकडे नेली, तेव्हा त्यांची तक्रार एवढीच होती की शिकार पकडताना तिचा नेम चुकतो आणि पुढच्या पायांची बोटे अधूनमधून थरथरतात. घरात तिचे नाव ठिपकी. तिचे वजन ९१ ग्रॅम भरले. या जातीच्या प्रौढ मादीचे वजन सर्वसाधारणपणे ५० ते ७० ग्रॅमच्या दरम्यान असते. शेपटी मानेपेक्षा कितीतरी जाड होती, पुढच्या पायांच्या बगलेत फुगवटे आले होते आणि चालताना पोट जमिनीला घासत होते. प्राणी इतका गुटगुटीत दिसत असल्यामुळे त्याच्या खाण्यात काही कमी पडत असेल अशी शंका घरातील कोणालाही आली नव्हती. थरथर थंडीमुळे असावी, असाच सर्वांचा समज होता.

तपासणीत वेगळेच दिसले. खालचा जबडा बोटाने हलकेच दाबला असता किंचित लवत होता, डाव्या पापणीआड जुन्या कातीचा तुकडा अडकला होता आणि दोन बोटांभोवती वाळलेल्या कातीची कडी तयार झाली होती. क्ष-किरण चित्रात हाडांची बाहेरची भिंत पातळ झालेली आढळली. पोटाचा घेर अंड्यांमुळे आहे की चरबीमुळे, हे ठरवणे आवश्यक होते, कारण लेपर्ड गेकोच्या मादीच्या अंडाशयात नराशिवायही बीजपुटके (ज्यांतून अंडी तयार होतात त्या पिशव्या) वाढतात आणि कधीकधी ती तिथेच अडकून राहतात; सोनोग्राफीत मात्र चरबीच दिसली. विष्ठेत काही सूत्रकृमी सापडले, पण उपचार करावा इतके नव्हते, आणि क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवीची चाचणी नकारार्थी आली. निदान झाले ते पोषणदोषामुळे होणाऱ्या हाडांच्या विकाराचे, सुदैवाने सुरुवातीच्या टप्प्यातील, आणि त्याच्या जोडीला लठ्ठपणाचे. औषधोपचार पशुवैद्यांचे होते. आहार आणि निवाऱ्याबाबतच्या त्यांच्या सूचना त्या घरात प्रत्यक्ष कशा उतरवायच्या, हे पाहण्याचे काम अशा प्राण्यांचा अनुभव असलेली परिचित म्हणून प्रस्तुत लेखिकेकडे आले, आणि या लिखाणाचा भर त्याच भागावर आहे.

लेपर्ड गेको, म्हणजे एडवर्ड ब्लाइथ यांनी १८५४ मध्ये वर्णन केलेली ही जात, मूळची अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारतातील कोरड्या, खडकाळ प्रदेशातील आहे. तिन्हीसांजेनंतर बाहेर पडावे, दगडांच्या कपारींतून मिळतील ते कीटक, कोळी, प्रसंगी विंचूही खावेत आणि उरलेली ऊर्जा शेपटीत चरबीच्या रूपाने साठवून दुष्काळाचे दिवस काढावेत, असा तिचा जीवनक्रम असतो. युरोप-अमेरिकेत पाळल्या जाणाऱ्या गेको आज पिढ्यान्‌पिढ्या बंदिस्त अवस्थेत जन्मलेल्या असतात. तिचे जवळचे नातलग महाराष्ट्रातही आहेत. त्यांपैकी सातपुड्यातील जातीची स्वतंत्र नोंद २०१४ मध्ये झाली. ते वन्यप्राणी आहेत, त्यांना पकडून घरी आणण्याशी या प्रकरणाचा काडीचाही संबंध नाही, हे येथेच सांगून टाकलेले बरे.

ठिपकीच्या घरात आई-वडील दोघेही नोकरी करतात, मुलगा अकरा वर्षांचा आहे आणि पुण्याहून आजी दरवर्षी काही महिने राहायला येतात. घर पूर्ण शाकाहारी आहे. गेको आणली तेव्हा दुकानदाराच्या सांगण्यावरून रातकिड्यांचा डबा आणला गेला होता. त्यातील काही निसटून फ्रिजच्या मागे जाऊन बसले आणि रात्रभर किरकिरत राहिले, आणि त्या दिवसापासून घरात रातकिड्यांना बंदी झाली. त्यांच्या जागी मीलवर्म आले. या अळ्या आवाज करत नाहीत, उड्या मारत नाहीत, त्यांना वास येत नाही आणि कोंड्यासकट डब्यात बंद करून फ्रिजच्या कोपऱ्यात ठेवल्या की आठवडेच्या आठवडे टिकतात. आहार ठरला तो असा, माणसांना काय सोसते यावरून. याबद्दल त्या कुटुंबाला बोल लावण्याचे कारण नाही. आपल्याकडेच कशाला, जिथे जिथे ही गेको पाळली जाते तिथे बहुतेक घरांत हेच घडते. त्याचे परिणाम मात्र नेमके समजून घ्यायला हवेत.

ठिपकीला रोज संध्याकाळी दहा-बारा मीलवर्म मिळत होते. एका अळीचे वजन सुमारे ०.१ ग्रॅम धरले तर हा खुराक १.२ ग्रॅमचा होतो. मीलवर्मच्या ताज्या वजनात साधारण १३ टक्के चरबी असते आणि दर ग्रॅममागे सुमारे दोन किलोकॅलरी ऊर्जा मिळते, म्हणजे रोजचे अडीच किलोकॅलरी झाले. सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या नेहमीच्या सूत्राने ६५ ग्रॅम वजनाच्या गेकोची विश्रांतीच्या अवस्थेतील गरज काढली तर ती जेमतेम सव्वा किलोकॅलरी येते. काचेच्या पेटीत राहणाऱ्या आणि शिकारीसाठी दोन पावलेही न चालणाऱ्या प्राण्याला त्याहून फार जास्त लागत नाही. त्यात भर म्हणून ‘खाऊ’ असे. मेणकिड्याची अळी, जिला तिथे वॅक्सवर्म म्हणतात, ही मऊ, गोंडस आणि जवळजवळ एक चतुर्थांश चरबीची असते. गेकोला ती एकदा आवडली की दुसरे काही नकोसे होते. मुलगा शाळेतून आल्यावर एक देई, वडील रात्री जेवणानंतर एक देत, आणि ठिपकी काचेशी येऊन मान वर करून बघते म्हणून आजीही एखादी टाकत. कोणी किती दिले याची नोंद नव्हती. तिघांपैकी प्रत्येकाला आपण दिलेली अळी ही दिवसातील एकमेव वाटत होती.

ऊर्जेचे हे असे. खनिजांची गोष्ट याच्या बरोबर उलट होती. आहारात फॉस्फरसच्या निदान दीडपट ते दुप्पट कॅल्शियम असावे असे मानले जाते, पण बाजारात मिळणाऱ्या बहुतेक खाद्यकीटकांत हे प्रमाण उलटे असते : मीलवर्ममध्ये कॅल्शियमच्या सुमारे सतरा पट फॉस्फरस असतो, मेणकिड्याच्या अळीत आठ पट, रातकिड्यात सात पट. कीटकांना आपल्यासारखा हाडांचा सांगाडा नसतो, त्यामुळे त्यांच्या अंगात कॅल्शियम कमी असणे स्वाभाविकच आहे. रक्तातील कॅल्शियम कमी पडू लागले की शरीर ते हाडांतून काढून घेते. जबडा लवतो, बोटे थरथरतात, पुढे पाय वाकतात. म्हणजे जो प्राणी खाऊन खाऊन फुगला होता, त्याचाच सांगाडा आतून रिता होत होता, आणि दोन्ही गोष्टी एकाच डब्यातून आल्या होत्या.

घरात कॅल्शियमची पूड नव्हती असे नाही. ती होती आणि अधूनमधून वापरलीही जात होती, पण मीलवर्मचे अंग गुळगुळीत असल्यामुळे पूड त्यावर फारशी ठरत नाही, आणि अळ्या बशीत वळवळत पडल्या की उरलीसुरली पूड बशीतच झडते. जीवनसत्त्व ड-३ असलेला दुसरा डबा उघडून दोन वर्षे झाली होती. उघडलेल्या डब्यातील जीवनसत्त्वे हवेने आणि दमटपणाने क्षीण होत जातात, त्यामुळे असे डबे सहा महिन्यांत बदलावेत असे सांगितले जाते. ड-३ नसेल तर आतड्यातून कॅल्शियम नीट शोषले जात नाही, मग पूड कितीही घातली तरी ती विष्ठेतून बाहेर पडते. पेटी खिडकीजवळ ठेवली आहे, ऊन येते, त्यामुळे निराळ्या दिव्याची गरज नाही, असे वडिलांचे म्हणणे होते. परंतु त्वचेत ड-३ तयार होण्यासाठी लागणारे अतिनील-ब किरण खिडकीची काच जवळजवळ पूर्णपणे अडवते. लेपर्ड गेको निशाचर आहे म्हणून तिला अशा किरणांची गरजच नाही, हा समज अनेक वर्षे प्रचलित होता. रोज दोन तास सौम्य अतिनील-ब दिव्याखाली ठेवलेल्या लेपर्ड गेकोंच्या रक्तात ड-३ ची पातळी इतरांपेक्षा स्पष्टपणे वाढलेली आढळल्यानंतर तो मागे पडू लागला आहे.

पापणीआडची कात हा तिसरा धागा होता. कीटकांत जीवनसत्त्व अ जवळजवळ नसतेच. ते कमी पडले की डोळ्यांभोवतीची आणि अश्रुनलिकांची आतील त्वचा जाड, कोरडी होत जाते आणि कात तिथे अडकू लागते. शिकारीवरील नेम चुकण्याचे एक कारण हे असावे. पशुवैद्यांनी डोळा धुऊन तुकडा काढला, पण अ जीवनसत्त्वाचे इंजेक्शन देण्याचे टाळले, कारण त्याची मात्रा किंचित जास्त झाली तरी कातडी सोलवटून निघू शकते. आहारातून, थोडे थोडे देणे त्यांना अधिक सुरक्षित वाटले.

सुरुवात मात्र आहारापासून झाली नाही. पेटीतील उबदार बाजूच्या गुहेत पृष्ठभागाचे तापमान मोजले तेव्हा ते २७ अंश भरले. या गेकोला पचनासाठी ३० ते ३३ अंशांची जागा लागते, थंड बाजू २२ ते २५ अंशांची लागते, आणि दोहोंमध्ये आपल्या मर्जीने ये-जा करून ती शरीराचे तापमान राखते. ऊब अपुरी असेल तर खाल्लेले आतड्यात नुसते पडून राहते. विजेच्या बिलाच्या धास्तीने दिवा कमी वॅटचा लावला गेला होता. तो बदलून थर्मोस्टॅट बसवला, पेटीच्या एका टोकाला सौम्य अतिनील-ब देणारी नळी लावली, तिच्या खाली अर्धवट सावली राहील अशा दगडी चिपा रचल्या, आणि आहारातील पहिला मोठा बदल त्यानंतर आठवडाभराने केला. तोपर्यंत पशुवैद्यांनी दिलेले कॅल्शियमचे द्रावण ड्रॉपरने ओठांवर सोडले जात होते. ठिपकी ते चाटून घेई.

खरी चर्चा झाली ती पर्यायी कीटकांची. कुटुंबाने आधी काही प्रश्न विचारले, आणि ते सरळ होते. फळांच्या फोडी, शिजवलेली भाजी, निदान वाळवलेल्या अळ्या चालणार नाहीत का? पपईची फोड आजींनी एकदा ठेवूनही पाहिली होती. लेपर्ड गेको पूर्णतः कीटकभक्षी आहे, वनस्पती पचवण्याची यंत्रणा तिच्या आतड्यात नाही, आणि तिची शिकारीची ओढ हालचालीवर जागी होते. न हलणारी वाळकी अळी तिला बहुधा अन्न म्हणून दिसतच नाही, आणि दिसली तरी त्यातून पाणी मिळत नाही. शाकाहारी गेको हा प्रकार नाही, हे स्पष्ट शब्दांत सांगावे लागले. बागेतील किडे पकडून द्यावेत, हा मुलाचा प्रस्ताव कीटकनाशके आणि परजीवी यांच्या धोक्यामुळे नाकारला गेला. काजव्यांच्या जातीचे कीटक तर अशा प्राण्यांना एकदोन खाल्ल्यानेही प्राणघातक ठरू शकतात.

मग डुबिया झुरळांचे नाव निघाले. ही दक्षिण अमेरिकेतील जात आहे. ती गुळगुळीत प्लास्टिकवर चढू शकत नाही, किरकिरत नाही, तिला फारसा वास नसतो, आणि इंग्लंडमधील थंड, कोरड्या घरात एखादे निसटले तरी त्याची वीण वाढण्याची शक्यता अगदी कमी असते. त्यात मीलवर्मपेक्षा चरबी कमी असते आणि पोटाचा भाग मोठा असल्यामुळे त्याला जे खाऊ घालू ते गेकोच्या पोटात जाते. तांत्रिकदृष्ट्या उत्तर चोख होते. आजींनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि सुनेला म्हणाल्या, “अगं, झुरळं मारायला मी आयुष्यभर बोरिक पावडरच्या गोळ्या टाकल्या, आणि आता त्यांना कोथिंबीर निवडून घालायची?” यावर कोणाकडेच उत्तर नव्हते. तोडगा निघाला तो असा, की झुरळांचा डबा गराजमधील कपाटात राहील, स्वयंपाकघरात येणार नाही, डबा उघडण्याचे काम वडील आणि मुलगा करतील, आणि आजी फक्त भाजी देतील. हा करार नसता तर उरलेली सगळी योजना कागदावरच राहिली असती, असे मला आजही वाटते.

भाजीचा प्रश्न वाटला त्याहून नाजूक निघाला. कीटकांना देण्याआधी एक-दोन दिवस पौष्टिक खाऊ घालून त्यांचे पोट भरून घेणे, हा या आहाराचा कणा आहे. हिरवी पालेभाजी म्हणजे चांगलीच, या हिशेबाने आजींनी पहिल्याच आठवड्यात पालकाचे देठ आणि अळूची पाने बाजूला काढून ठेवली. या दोन्हींत, आणि राजगिऱ्याच्या पानांतही, ऑक्झॅलेट भरपूर असते; ते कॅल्शियमला बांधून ठेवते आणि ज्यासाठी हा खटाटोप चालला होता तेच हातचे जाते. त्याऐवजी भारतीय दुकानात मिळणारी शेवग्याची पाने, कोथिंबिरीचे देठ, गाजर आणि लाल भोपळ्याच्या साली ठरल्या. गाजर-भोपळ्यातून अ जीवनसत्त्व तयार होण्यासाठी लागणारे कॅरोटीन मिळते, शेवग्यातून कॅल्शियम, आणि कीटकांसाठी पाण्याची वेगळी वाटी ठेवावी लागत नाही. नुसत्या भाजीने कॅल्शियमची तूट भरून निघत नाही, म्हणून कीटकांसाठी तयार मिळणारे कॅल्शियमयुक्त खाद्यही गेकोला वाढण्याच्या आदल्या दोन दिवसांत दिले जाऊ लागले.

झुरळांच्या जोडीला टोळ आणि ब्लॅक सोल्जर माशीच्या अळ्या आणल्या गेल्या. या अळीचे वैशिष्ट्य असे की खाद्यकीटकांत अपवादानेच आढळणारे प्रमाण तिच्यात असते : फॉस्फरसच्या अडीच पटींहून अधिक कॅल्शियम. कागदावर ती आदर्श दिसते. प्रत्यक्षात तिची कातडी चिवट असते आणि ठिपकीच्या विष्ठेतून काही अळ्या जवळजवळ जशाच्या तशा बाहेर पडताना दिसल्या, त्यामुळे तिच्यावर सगळा भार टाकला नाही. कोणताही कीटक गेकोच्या दोन डोळ्यांमधील अंतरापेक्षा रुंद नसावा, ही नेहमीची मर्यादा पाळली गेली. तिचा जबडा मऊ असल्यामुळे पहिले दोन महिने त्याहूनही लहान कीटक निवडले. पूड लावण्याची पद्धतही बदलली. झाकणाच्या डब्यात चिमूटभर पूड आणि कीटक घालून डबा हलवायचा आणि लगेच, एकेक करून, चिमट्याने समोर धरायचे, कारण कीटक स्वतःचे अंग साफ करत काही तासांत पूड झाडून टाकतात. साधी कॅल्शियमची पूड दर जेवणाला, आणि ड-३ व अ जीवनसत्त्व असलेले मिश्रण पंधरवड्यातून एकदा, असा क्रम पशुवैद्यांनी ठरवून दिला. मेणकिड्याची अळी पूर्ण बंद झाली.

ठिपकीने हे सगळे नाकारले. झुरळ समोर धरले की ती मान वळवी, टोळाकडे बघे आणि गुहेत जाई. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी घरातील धीर सुटत चालला होता, आणि उपाशी मरण्यापेक्षा एक मेणअळी काय वाईट, हा प्रश्न रोज संध्याकाळी निघू लागला. येथे एक खरा धोका होता, आणि तो कुटुंबाला वाटत होता त्याहून वेगळा. इतकी चरबी साठवलेली गेको काही आठवडे न खाता सहज राहू शकते. परंतु लठ्ठ प्राण्याने अचानक पूर्ण उपवास केला तर शरीरातील चरबी यकृतात उतरून साठण्याची भीती असते. म्हणून उपाशी ठेवून वळण लावणे हा मार्ग नव्हता. दर तिसऱ्या दिवशी, दिवे मंद झाल्यावर, आधी झुरळ चिमट्याने हलवून दाखवायचे, पाच मिनिटांत न घेतल्यास पूड लावलेले तीन-चार मीलवर्म द्यायचे आणि उरलेला कीटक पेटीत न ठेवता उचलून घ्यायचा, कारण पेटीत मोकळे राहिलेले रातकिडे किंवा टोळ झोपलेल्या गेकोची कातडी कुरतडू शकतात. वजन दर रविवारी एकाच वेळी करायचे. शेवटी तिने पहिले झुरळ घेतले ते मुलाने मीलवर्मला चिकटवून पुढे केलेले. ही युक्ती त्याचीच होती.

‘कोणी किती दिले’ हा प्रश्न मात्र अगदी घरगुती पद्धतीने सुटला. स्वयंपाकघरात लावलेल्या कालनिर्णयवर, जिथे एरवी दुधाच्या आणि गॅसच्या नोंदी होत, तिथे ठिपकीच्या जेवणाच्या तारखा गोल करून ठेवल्या जाऊ लागल्या. गोल नसलेल्या दिवशी तिने काचेशी येऊन कितीही मान वर केली तरी काही मिळत नसे. आठवड्यातून दोन जेवणे, प्रत्येक वेळी चार ते सहा मध्यम कीटक. आजींना हे फार कमी वाटले, आणि पुण्याला परत गेल्यावरही व्हिडिओ कॉलवर त्यांचा पहिला प्रश्न तोच असे.

वजन पहिल्या महिन्यात तीन ग्रॅमने उतरले आणि पुढे संथपणे उतरत राहिले. बोटांची थरथर सहाव्या आठवड्यापर्यंत थांबली. तिसऱ्या महिन्यानंतरची कात तिने अखंड टाकली आणि नेहमीप्रमाणे खाऊनही टाकली. मार्चमध्ये मात्र तिने पुन्हा खाणे सोडले आणि घरात एकदम घबराट झाली; मेणअळ्यांचा डबा आणण्यासाठी गाडी काढण्याइतपत वेळ आली होती. पोटाच्या दोन्ही बाजूंना कातडीतून फिकट गोल सावल्या दिसत होत्या, आणि वजन घटत नव्हते. वसंतात बीजपुटके वाढू लागली की माद्यांची भूक जाते. या काळात आहार बदलण्याऐवजी कॅल्शियम नियमित ठेवणे आणि वजनावर लक्ष ठेवणे महत्त्वाचे असते. पशुवैद्यांनी पुन्हा सोनोग्राफी करून पुटके सामान्य असल्याची खात्री करून घेतली. एप्रिलच्या मध्यास पुटके शरीरात विरून गेली आणि तिने एका बैठकीत पाच टोळ खाल्ले.

सात महिन्यांनी तिचे वजन ७४ ग्रॅम आहे. बगलेतील फुगवटे गेले आहेत, शेपटी अजून मानेपेक्षा थोडी जाड आहे. दुसऱ्या क्ष-किरण चित्रात हाडांची भिंत स्पष्टपणे जाड झालेली दिसते, पण खालच्या जबड्याला उजवीकडे आलेला हलका बाक तसाच राहिला आहे आणि तो आता जाणार नाही, असे पशुवैद्यांचे मत आहे. त्यामुळे कठीण कवचाचे मोठे कीटक तिला यापुढेही दिले जाणार नाहीत. पुढील तपासणी ऑक्टोबरमध्ये ठरली आहे. तोपर्यंत वजन ६८ ग्रॅमच्या आसपास यावे अशी अपेक्षा आहे, आणि ते आले की आठवड्याच्या दोन जेवणांत एक-दोन कीटक वाढवायचे की नाही, हे तेव्हाच्या मोजमापावर ठरेल.